व्हिडिओ ढिगानं पाहिले, आता मुलाशी बोलू काय?

प्रश्न : माझा मुलगा १५ वर्षांचा आहे, यंदा दहावीला. दिवाळीपासून घुम्यासारखा झालाय. शाळा, क्लास करून आला की दार लोटतो आणि मोबाइल घेऊन पडतो. विचारलं तर 'काही नाही', नाहीतर 'मला एकटं सोड'. चिडचिड तर विचारू नका. कबड्डी खेळायचा, तीही सोडली. मिस्टर म्हणतात लाडानं बिघडलाय, दोन लगावल्या की सरळ येईल. मी रोज रात्री व्हिडिओ बघते, लेख वाचते. एक म्हणतो मोबाइल काढून घ्या, दुसरा म्हणतो मुलाचे मित्र व्हा. डोक्याचा पार भुगा झालाय. विश्वास ठेवावा अशी माहिती मराठीत कुठे मिळेल? आम्ही तालुक्याच्या गावी राहतो, इथे मानसोपचारतज्ज्ञ नाही.

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय आणि माझी नजर तिथेच अडकली. 'कबड्डी खेळायचा, तीही सोडली.' लोटलेलं दार, तुटक उत्तरं आणि मोबाइल यांनी तुम्ही हैराण आहात. मला या तिन्हींपेक्षा कबड्डीची काळजी जास्त वाटते.

या वयात मूल आईबापांपासून थोडं लांब सरकतं, आणि सरकायलाच हवं. पण ते सरकतं मित्रांकडे, मैदानाकडे, कुठल्याशा वेडाकडे. घरात घुम्या आणि बाहेर वाघ असा मुलगा असेल तर मी त्याच्या आईला चहा पाजून घरी पाठवते. घरापासून लांब, मित्रांपासूनही लांब आणि जे जीव टाकून करायचा त्यापासूनही लांब, असं दोन आठवड्यांहून जास्त काळ दिसलं की मग मात्र मी खुर्ची पुढे ओढून बसते. मोठ्या माणसाचं नैराश्य रडण्यातून, उदास चेहऱ्यातून कळतं. मुलांत ते पुष्कळदा चिडचिडीच्या रूपात येतं. क्लासला निघायच्या वेळी पोट दुखणं, रोजचं डोकं दुखणं, यातूनही येतं. घरच्यांना वाटतं मुलगा उद्धट झाला.

याचा अर्थ तुमच्या मुलाला नैराश्य आहे असा नाही. पत्रावरून निदान करणारी मी नव्हे, आणि कुणी करत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. गुडघा दुखावला असेल, संघातल्या कुणाशी बिनसलं असेल, कुणीतरी त्याला छळत असेल, किंवा दहावी म्हणून घरातच कुणी 'आता खेळ बंद' म्हणालं असेल. शेवटचं कारण आधी तपासा. आपण बोलून विसरतो, मुलं विसरत नाहीत.

एक आकडा मात्र डोक्यात ठेवा. बंगळुरूच्या निम्हान्स या मनोविकारांवर काम करणाऱ्या सरकारी संस्थेनं २०१५-१६मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यात १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांत मानसिक आजार आढळला. साठ मुलांचा वर्ग धरला तर चार-पाच मुलं. म्हणजे 'आमच्याच नशिबी का' असं म्हणण्याइतकं हे दुर्मीळ नाही आणि प्रत्येक रुसलेल्या पोराला आजारी ठरवण्याइतकं सर्रासही नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते, म्हणजे माहितीकडे. एका आईनं मला मोबाइलमध्ये जपून ठेवलेले व्हिडिओ दाखवले होते. साठ तरी असतील. (या आईचे आणि पुढे येणाऱ्या इतरांचे तपशील मी बदललेत.) मी विचारलं, मुलगी सकाळी काय खाऊन जाते? त्या थबकल्या. म्हणाल्या, 'डबा मी भरते, पण खाते की नाही...' बाई निष्काळजी अजिबात नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. भीती वाटायला लागली की माणूस माहिती गोळा करत सुटतो, कारण तेवढ्या वेळापुरतं काहीतरी केल्यासारखं वाटतं. आणि मोबाइलला तुमची भीती लगेच कळते. एक व्हिडिओ पाहिलात की तो तसलेच दहा पुढ्यात टाकतो, प्रत्येक आधीच्यापेक्षा भयंकर.

म्हणून व्हिडिओ आठ दिवस बंद. त्याऐवजी एक शंभरपानी वही घ्या आणि रोज रात्री पाच-सहा ओळी लिहा. विशेषणं लिहायची नाहीत, जे डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहायचं. 'आज पुन्हा उद्धटपणा. अभ्यासाच्या नावानं बोंब. नुसता मोबाइल.' ही नोंद तुमच्या मूडची झाली, मुलाची नाही. समजा घरात आजी आहे, तर मला अशी हवी : 'मंगळवार. रात्री १ला लाइट चालू. सकाळी तीनदा हाक मारली. पोहे निम्मे टाकले. संध्याकाळी शेजारचा मित्र बोलवायला आला तर आतूनच म्हणाला, झोपलोय म्हणून सांग. रात्री आजीपाशी दहा मिनिटं बसला, तिचे पाय चेपले.'

बघा, या पाच ओळींत केवढं काही आहे. झोप पुढे सरकलीय, भूक कमी आहे, मित्राला टाळलं. आणि आजीपाशी तो बसतो, म्हणजे घरातलं एक माणूस त्याला अजून चालतं. व्हिडिओतल्या माणसाला तुमच्या सासूबाई कुठून माहीत असणार? ही वही हातात असली की कुठलाही लेख, कुठलाही डॉक्टर तुम्हाला दसपट उपयोगी पडतो, कारण 'मुलगा बिघडलाय' याऐवजी विचारायला नेमका प्रश्न असतो. त्याचं चॅट मात्र चोरून वाचायचं नाही, दप्तर उपसायचं नाही. पकडल्या गेलात तर वही, डॉक्टर, सगळंच संपलं.

झोपेचं निघालंच आहे तर सांगून टाकते. किशोरवयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री लवकर झोप येत नाही. गरज मात्र आठ ते दहा तासांची असते. त्यात पहाटेचा क्लास. झोपेचा खड्डा आठवडाभर वाढत गेला तर तुमचा-माझा स्वभावही विंचवासारखा होईल. मोबाइल हिसकावून घेऊ नका. रात्री साडेदहाला घरातले सगळे मोबाइल स्वयंपाकघरातल्या एका डब्यात जमा, असा नियम करा. सगळे म्हणजे मिस्टरांचा आणि तुमचाही. माझ्या घरी हा नियम माझ्यामुळेच मोडायचा, लेकीनं एकदा तोंडावर सांगितलं, 'आई, तू आत्ता क्लिनिकमध्ये नाहीयेस.'

आठ दिवसांनी माहितीकडे वळा, पण गाळून. 'सात दिवसांत मूल बदला' म्हणणारा व्हिडिओ तिथेच सोडा. शेवटी कोर्स विकणाराही सोडा. जो मुलाला दुरुस्त करायच्या युक्त्या सांगतो तो माझ्या दृष्टीनं कमअस्सल. बरं साहित्य मोठ्या माणसाला स्वतःचं पुढचं वाक्य बदलायला लावतं, आणि 'हे हे दिसलं तर आमचा लेख बाजूला ठेवा, डॉक्टरकडे जा' असं स्वच्छ सांगतं. मराठीत मी पालकांना दोन नावं सुचवते. एक, ठाण्याची इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजे आयपीएच. डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९०मध्ये सुरू केलेली ही संस्था. त्यांच्या 'आवाहन' यूट्यूब चॅनलवर मराठीतून भरपूर बोललं गेलंय. दुसरं, पुण्याहून १९८७पासून निघणारं 'पालकनीती' मासिक. ते तयार उत्तरं हातात ठेवत नाही, थोडं डोकं खाजवायला लावतं. मला म्हणूनच आवडतं. एका वेळी एकच काहीतरी घ्या. पाहिलंत की वहीत लिहा, यातलं मी उद्या काय करणार. काहीच सुचलं नाही तर तो लेख तुमच्यासाठी नव्हता.

मोबाइलवर 'तुमच्या मुलाला नैराश्य आहे का, तपासा' अशा चाचण्या असतात, त्याबद्दल थोडं. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची चाचणी खरी आहे, आम्हीही वापरतो. पण ती मुलानं स्वतः भरायची असते, आईनं अंदाजानं नव्हे. आणि गुण जास्त आले म्हणजे आजार ठरला असं नसतं, नीट बोलायला हवं एवढंच ठरतं.

आता माणसांकडे. वही पुरी व्हायची वाट न बघता याच आठवड्यात एक फोन करा : १४४१६. ही केंद्र सरकारची टेलिमानस, म्हणजे मानसिक त्रासासाठी फोनवर मदत करणारी सेवा, १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली. चोवीस तास चालू असते, पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येतं. मुलानंच फोन करायला हवा असं काही नाही, आईही करू शकते. बायका मला सांगतात, 'फोन उचलला पण काय बोलायचं सुचेना, ठेवून दिला.' म्हणून वाक्यच देते, तुमच्याकडे जे खरं असेल तसं बदलून घ्या : 'मुलगा १५ वर्षांचा, दहावीला. दिवाळीपासून मित्र आणि खेळ सोडलाय, रात्री उशिरापर्यंत जागतो, जेवण कमी झालंय, चिडचिड वाढलीय. मरणाचं बोलला आहे किंवा नाही. मी घरी काय करू आणि जवळ कुठे दाखवू?' एवढं पुरे. मन भरलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा लावा, दुसरा समुपदेशक भेटेल. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही २०१२पासूनची समुपदेशन सेवाही चांगली आहे. आपल्या आवाजात बोलायला लाजणारी मुलं तिथे लिहूनही बोलतात.

तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ नाही हे खरं, पण काहीच नाही असंही नाही. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यांत वेगळी क्लिनिकं निघाली, महाराष्ट्रात त्यांना 'मैत्री क्लिनिक' म्हणतात. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करा. कुठे ते जोरात चालतं, कुठे नुसती पाटी असते. तुमच्या आशाताईंना विचारलंत तर दोन मिनिटांत खरं कळेल. त्यापुढे जिल्हा रुग्णालय. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक तिथे असतं, त्यांचे काही डॉक्टर ठरल्या वारी तालुक्यालाही येतात. तो वार विचारून घ्या. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, तेव्हा पैशांसाठी अडून राहू नका.

खासगीत जाणार असाल तर पाटी नीट वाचा. औषधं लिहून देऊ शकतो तो मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएस होऊन मनोविकारशास्त्रात पुढचं शिक्षण घेतलेला डॉक्टर. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत, चाचण्या आणि बोलून करायचे उपचार देतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, नंबर मागा. समुपदेशक या शब्दाखाली मात्र सगळंच येतं, दोन वर्षं एमए करून पुढे वर्षानुवर्षं शिकत राहिलेलेही आणि शनिवार-रविवारच्या शिबिराचं सर्टिफिकेट भिंतीवर लावलेलेही. सरळ विचारा : शिक्षण काय, या वयाची मुलं किती बघता, अडलं तर कुणाला विचारता? चांगल्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही.

नुसत्या पदवीवर सगळं ठरतं असंही मी म्हणणार नाही. गोव्यातली 'संगत' ही संस्था १९९६पासून काम करतेय. डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना नीट शिकवलं आणि त्यांच्यावर देखरेख ठेवली तर ती परिणामकारक समुपदेशन करू शकतात, हे त्यांनी अभ्यास करून दाखवलंय. मी 'देखरेख' हा शब्द मुद्दाम अधोरेखित करते.

शाळेतही विचारा. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शंभर किंवा जास्त विद्यार्थ्यांच्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा. तुमच्या शाळेत नसेलही. असला तर आधी एवढं विचारा की मुलानं सांगितलेलं तुम्ही कुणाला सांगता? माझ्याकडे एक मुलगी आली होती, तिनं शाळेतल्या समुपदेशकाला सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत चर्चेला होती. त्यानंतर वर्षभर ती कुणाशीच बोलली नाही. चांगला समुपदेशक पहिल्याच भेटीत मुलाला सांगतो की तुझं बोलणं माझ्याकडे राहील, दोन गोष्टी सोडून. तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी तुझं लैंगिक शोषण केलं असेल तर मला पुढे कळवावं लागेल. शोषणाबाबत २०१२च्या पॉक्सो कायद्यानं तसं बंधनच आहे. आणि ताई, भेटीनंतर बाहेर आल्या आल्या 'काय म्हणाला रे तुला?' विचारायचं नाही. येताना वडापाव घ्या, दुसरं काहीतरी बोला.

नातेवाईक कुणीतरी 'एकदा बघून घ्या' सुचवतीलच. बाहेरचं आहे, नजर लागलीय. मी यावरून घरात भांडण लावत नाही. आजीनं अंगारा लावला तर लावू दे, पोराला तिचा हात लागतो. पण मारणारा, डांबून ठेवणारा, धुरी देणारा, औषध बंद करायला लावणारा कुणी भेटला तर तडक उठून या. अघोरी उपायांवर आपल्या राज्यात २०१३पासून कायदा आहे.

पुढचं जरा शांतपणे वाचा. 'जगून काय उपयोग', 'मी नसलो तर तुम्ही सुटाल' असलं काही तो बोलला, आवडत्या वस्तू वाटायला लागला, हातावर जखमा दिसल्या, तर वही वगैरे सगळं बाजूला. त्याच्याजवळ बसून सरळ विचारा, 'तुला मरून जावंसं वाटतं का?' हा प्रश्न विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार येत नाही. उलट बहुतेक मुलं सुटकेचा श्वास टाकतात, की कुणीतरी विचारलं. हो म्हणाला तर रडारड नको, शपथा नकोत, 'आमचा विचार केलास का' तर नकोच. त्याला एकटं सोडू नका, १४४१६ लावा किंवा जवळच्या रुग्णालयात न्या, धोका आत्ताचा वाटला तर ११२. घरात शेतीची फवारणीची औषधं असतील तर आजच घराबाहेर, कुलपात, आणि किल्ली मोठ्या माणसाकडे. आजीच्या गोळ्यांचा डबाही. हे मी असं काही नसतानाही करायला सांगते. अशा मुलांचा वाईट क्षण पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो, त्या वेळात हाताशी काही असू नये. पोलीसकेसच्या भीतीनं दवाखाना टाळणारी घरं मी पाहिलीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७च्या कलम ११५नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं, शिक्षेची भीती नको.

मिस्टरांचं. मारायचं नाही, यावर माझ्याकडे दुसरं मत नाही. पण 'तुम्हाला काही कळत नाही' म्हणून त्यांना बाजूला सारलंत तर घरात दोन पक्ष होतील आणि पोरगा मधे अडकेल. 'बिघडलाय' म्हणणारा बाप मला पुष्कळदा घाबरलेलाच दिसलाय, फक्त त्याची भीती रागाचे कपडे घालून येते. त्यांना एक काम द्या : पंधरा दिवस त्यांनी त्याला गाडीवरून क्लासला सोडायचं आणि वाटेत मार्कांचा विषय काढायचा नाही. या वयाच्या मुलांना समोरासमोर बसवून 'बोल' म्हटलं की त्यांची जीभ टाळ्याला चिकटते. गाडीवर तोंडं एकाच दिशेला असतात, नजरेला नजर द्यावी लागत नाही. माझ्याकडच्या एका वडिलांना मुलाच्या शाळेतल्या छळाची गोष्ट पेट्रोल पंपाच्या रांगेत कळली होती.

आणि तुम्ही काय बोलायचं? 'कबड्डी का सोडलीस?' हा पोलिसी प्रश्न झाला. असं म्हणून बघा : 'तू मैदानावर जात नाहीस ते मला दिसतंय. कारण आत्ताच सांगायला हवं असं नाही. वाटेल तेव्हा सांग, मी ओरडणार नाही.' एवढंच, आणि गप्प. तो 'काही नाही' म्हणेल. 'बरं' म्हणा आणि उठा. चार दिवसांनी पुन्हा, तितकंच छोटं. तुम्ही पत्रात 'दार लोटतो' लिहिलंय, 'कडी लावतो' असं नाही लिहिलंत. आत जाताना टकटक करा, उत्तर येईपर्यंत थांबा.

दाखवायला न्यायची वेळ आली तर खोटं बोलून नेऊ नका. 'डोळे तपासायला जाऊ' म्हणून आणलेली मुलं माझ्यासमोर भिंतीकडे तोंड करून बसतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. 'तुला त्रास होतोय असं मला वाटतं, मला मार्ग सुचत नाही, म्हणून माहीतगाराला विचारू. एकदा भेट, नाही पटलं तर दुसरा शोधू,' असं सांगा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्याच तर त्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. सुरुवातीच्या दिवसांत अस्वस्थता वाढलीशी वाटली तर लगेच कळवायचं, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं थांबवायच्या नाहीत.

राहता राहिली दहावी. 'एवढी परीक्षा होऊ दे, मग बघू' हे वाक्य मी दर वर्षी जानेवारीत ऐकते आणि त्यातली काही मुलं मग निकालानंतर फार वाईट अवस्थेत माझ्याकडे येतात. ओपीडीला अर्धा दिवस जाईल, क्लास बुडेल, बुडू दे. जाताना ती वही न्या, पण केसपेपरच्या रांगेत त्याच्यादेखत उघडू नका. आधी त्याला आत एकट्याला बोलू द्या, वही नंतर, डॉक्टर मागतील तेव्हा.